ड्यूटी संपल्यानंतरचा फौजदार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडायला थोडे दिवस उरलेत आणि तुझ्या मनात एकच प्रश्न घोळतोय. बँकेतला कारकून संध्याकाळी घरी गेला की मोकळा, तलाठी सुट्टीवर गावी गेला की मोकळा, मग वर्दी उतरवल्यावरही माझ्याकडूनच जास्तीची अपेक्षा का? 'पोलीस चोवीस तास पोलीसच असतो' हे वर्गात ऐकून तुला राग आला, आणि तो राग तू माझ्यापासून लपवला नाहीस, हे मला आवडलं.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. हो, ड्यूटीबाहेरही पोलिसाला इतरांपेक्षा कडक माप लावलंच पाहिजे. पण ते सगळ्या आयुष्याला सरसकट लावणं चूक आहे. जिथे तुझं पद काम करतं, तिथे ते लागतं. समोरचा माणूस तू फौजदार आहेस म्हणून दबला, गप्प बसला, पैसे सोडून गेला किंवा तक्रार न देता परत फिरला, तर त्या वेळी तुझ्या अंगात बनियन होतं की वर्दी, याला काही अर्थ नाही. आणि जिथे पदाचा संबंधच येत नाही, तिथे खात्याने नाक खुपसू नये. पोलिसातल्या माझ्या सगळ्या नोकरीत हाच फरक मी मानत आले.

तू कलम २८ चा दाखला दिलास. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ नुसार रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस कायम कर्तव्यावर आहे असं मानलं जातं, म्हणजे रजेवरचा पोलीस मोकळा, हा तुझा युक्तिवाद. वाचन बारकाईचं आहे. पण ते कलम वागणुकीसाठी लिहिलेलं नाही, मनुष्यबळासाठी लिहिलेलं आहे. दंगल उसळली, पूर आला, तर कुणालाही राज्यात कुठेही लावता यावं म्हणून. वागणुकीचा नियम दुसरीकडे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, नियम ३. सचोटीने वागायचं आणि शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारं काही करायचं नाही, तेही सदासर्वकाळ. त्यात रजेची सवलत नाही. अर्थात हा नियम तलाठ्यालाही लागू आहे, त्यामुळे तेवढ्याने तुझं समाधान होणार नाही.

खरा फरक अधिकाराचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ने तुला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार दिलाय. तो अधिकार ठाण्याच्या दारात काढून ठेवता येत नाही. घरी जाताना बसमध्ये कुणी बाईची पर्स हिसकावली तर तू त्याला धरशील, आणि धरलंच पाहिजेस. तेव्हा तू 'माझी ड्यूटी आठला संपली' असं म्हणणार नाहीस. कारकुनाची सही बँकेबाहेर चालत नाही. तुझा शब्द ठाण्याबाहेरही चालतो. गावात, लग्नात, टोलनाक्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालतो. जो अधिकार तू सोबत घेऊन हिंडणार, त्याची जबाबदारी मात्र कपाटात ठेवणार, हे कसं जमेल?

मोठे गुन्हे नंतर बोलू. तुझी परीक्षा पहिल्या रजेतच होणार आहे, आणि ती तुझ्याच शेताच्या बांधावर होणार आहे. तुझ्या वडिलांचा आणि चुलत्याचा बांधावरून चाललेला वाद मला माहीत आहे. तू निवडला गेलास त्या दिवसापासून तुझ्या घरात कुणीतरी म्हणालंच असेल, 'आता बघू कोण बांध कोरतो ते.' तू रजेवर जाशील तेव्हा वडील म्हणतील, 'तू काही बोलू नकोस, नुसता येऊन उभा राहा.' वाक्य किती साधं आहे. मुलगा बापाच्या शेतात उभा राहिला, यात गुन्हा कसला? पण तू तिथे मुलगा म्हणून उभा नसशील. चुलत्याच्या पोराला दिसतील ते तुझ्या खांद्यावरचे दोन स्टार. तो उद्या पोलीस ठाण्यात गेलाच, तर ठाणे अंमलदार त्याला विचारेल, 'ते फौजदार तुमच्यातलेच ना? मग घरात मिटवा की.' आणि त्याची तक्रार तिथेच संपेल. तू एक शब्द न बोलता एका माणसाचा कायद्याचा दरवाजा बंद केलेला असेल.

त्याऐवजी वडिलांना भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लाव. चुलत्याने शेतरस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. वेळ लागेल. वडील चिडतील, म्हणतील पोरगा फौजदार होऊन काय उपयोग झाला. तो राग तुला सोसावा लागेल. मोजणीच्या दिवशी तू गावात असूच नकोस.

अशीच गोष्ट फोनची. तुझा मेहुणा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, मित्राचं भाडेकरूशी भांडण झालं, की पहिला फोन तुला येणार. आणि तू दुसऱ्या ठाण्यातल्या बॅचमेटला फोन लावून म्हणशील, 'आपलाच माणूस आहे, जरा बघ.' या फोनची नोंद कुठेच होत नाही, म्हणून तो फार घातक आहे. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, मारहाण केली तर वैद्यकीय दाखला आहे. फोनचा पुरावा कोण देणार? माझ्या पाहण्यात जेवढी प्रकरणं कुजली, त्यातली बरीचशी अशाच ड्यूटीबाहेरच्या फोनने कुजली. नातेवाइकाला मदत करायला हरकत नाही. वकील शोधून दे, जामिनाची पद्धत समजावून सांग, रात्री त्याच्या आईजवळ जाऊन बस. तपास करणाऱ्याला मात्र फोन करायचा नाही.

आता मिरवणूक आणि लग्नाबद्दल. निकाल लागल्यावर तुझ्या गावाने मिरवणूक काढली, चौकात फ्लेक्स लागला, ते फोटो तुझ्या आईने मला पाठवले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझेही डोळे भरले. पण त्या फ्लेक्सवर तुझ्या फोटोशेजारी कुणाकुणाचे फोटो होते, ते एकदा नीट बघ. मिरवणुकीचा खर्च कुणी केला, ते घरी विचार. शक्य असेल तर ती रक्कम परत कर. आत्ता ती परवडण्यासारखी आहे.

आणि स्थळं येतायत. फौजदार नवऱ्याला आपल्याकडे काय भाव चालतो, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि गावात तो आकडा लाज न वाटता बोलला जातो. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ च्या कलम ३ मध्ये हुंडा घेणाऱ्याला किमान पाच वर्षांची कैद सांगितली आहे. वर्तणूक नियमांतही हुंड्याला मनाई आहे. हे तू परीक्षेसाठी पाठ केलंस. तू म्हणशील, मी तर काही मागत नाही, घरचे बोलतात. घरचे तुझ्या पदाच्या नावावर मागतायत, त्यामुळे मागणारा तूच. 'हौसेने देतायत' हेही मला सांगू नकोस. हौसेने देणाऱ्या बापांची कर्जं मी पाहिली आहेत. साध्या नोकरदाराने हुंडा घेतला तर तो गुन्हा आहेच. तू घेतलास तर त्यावर आणखी एक ओझं चढतं, कारण उद्या हुंड्यासाठी छळलेली मुलगी तुझ्याच टेबलासमोर बसणार आहे आणि तिची फिर्याद तुला लिहून घ्यायची आहे.

लग्नानंतरच्या घराबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण माझी बरीच वर्षं महिला कक्षात गेली. तिथे येणाऱ्या बायकांत पोलिसांच्या बायकाही असायच्या. त्या सर्वांत उशिरा यायच्या. सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर, पदर डोक्यावरून पुढे ओढून, आधी कोपऱ्यात बसून कोण कोण ओळखीचं आहे ते बघायच्या. इतर बाईला नवऱ्याने मारलं तर ती पोलीस ठाण्यात जाते. पोलिसाच्या बायकोने कुठे जायचं? ठाण्यात नवऱ्याचे सोबती, शेजारच्या क्वार्टरमध्येही तेच. नवरा तिला तोंडावर सांगतो, 'जा, कुणाकडे जायचं तिकडे जा, सगळे माझेच आहेत.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातला प्रत्येक शब्द कानात बसलाय. मारणारा हात घरातला असतो, ड्यूटीबाहेरचा असतो. पण त्या बाईला मुकी करणारी ताकद सरकारने दिलेली असते. म्हणून पोलिसाच्या घरातली मारहाण ही त्याची घरगुती बाब, असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांशी मी कायम भांडले. आता नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तिला कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. हे तिला सांगणारं माणूस तिथे हवं.

नवी मुंबई पोलिसांतल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचं नाव विसरू नकोस. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्या स्वतः अधिकारी होत्या, तरी गुन्हा दाखल व्हायला २०१७ उजाडलं आणि घरच्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ज्याच्यावर संशय होता तो वरिष्ठ पोलीस निरीक्षक. त्याच २०१७ साली त्याला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं. अटक झाली त्या वर्षाच्या डिसेंबरात. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने खुनाबद्दल त्याला जन्मठेप दिली, आणि असा माणूस पदकापर्यंत पोचलाच कसा, हा प्रश्न न्यायालयानेही केला. खून ड्यूटीवर झाला नव्हता. पण त्यानंतरची दिरंगाई ही ड्यूटीवर असलेल्या माणसांची होती. तुझ्या 'ड्यूटीबाहेरचं माझं मी बघेन' या म्हणण्याला माझं याहून मोठं उत्तर नाही.

दुसरं एक उदाहरण परदेशातलं आहे. ३ मार्च २०२१ च्या रात्री लंडनमध्ये सारा एव्हरार्ड नावाची ३३ वर्षांची तरुणी मैत्रिणीकडून पायी घरी निघाली होती. ड्यूटी संपलेल्या एका पोलिसाने तिला आपलं ओळखपत्र दाखवलं, कोविडचे नियम मोडल्याचं खोटं कारण सांगून बेड्या घातल्या, गाडीत बसवलं आणि पुढे बलात्कार करून तिचा खून केला. ती त्याच्या गाडीत बसली ती कायदा पाळणारी मुलगी होती म्हणून. त्याला मरेपर्यंत कैद झाली. नंतरच्या चौकशीत बाहेर आलं की २०१५ मध्येच त्याच्याविरुद्ध अश्लील अंगप्रदर्शनाची तक्रार आली होती आणि तिचा धड तपासच झाला नव्हता. ड्यूटीबाहेरच्या 'किरकोळ' गोष्टीकडे कानाडोळा केला की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते या प्रकरणात दिसतं. आणि आपल्या खिशातलं आयकार्ड काय चीज आहे, तेही दिसतं. खासगी कामासाठी ते बाहेर काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावूच नकोस. टोलनाक्यावर नको, हॉटेलच्या बिलावर नको. सिग्नल तोडल्यावर वाहतूक हवालदारापुढे तर मुळीच नको. चलन भर आणि त्याला नाव न सांगता पुढे जा. मोटारसायकलवर 'पोलीस' लिहू नकोस. खात्याने त्याविरुद्ध कितीदा सूचना काढल्या, तरी नवी पोरं पहिल्या पगारात तेच स्टिकर घेतात.

आता तुझ्या बाजूने बोलते, कारण तुझ्या रागात तथ्यही आहे.

देशभरातल्या पोलीस महानिरीक्षकांच्या १९६० च्या परिषदेत पोलिसांसाठी एक आचारसंहिता स्वीकारली गेली. तिच्यात पोलिसाने आपलं खासगी आयुष्य निष्कलंक ठेवावं, असं म्हटलंय. हेतू चांगला आहे. पण 'निष्कलंक' कुणी ठरवायचं? मी पाहिलंय की हा शब्द बायकांवर आधी चालतो. एखादी महिला शिपाई घटस्फोट घेते, एकटी राहते, सहकाऱ्यासोबत चहाला दिसते, की तिच्या 'चारित्र्याची' कुजबुज थेट गोपनीय अहवालापर्यंत जाते. कुणी जातीबाहेर लग्न केलं की त्याची बदली कुठल्या कोपऱ्यात होते, तेही मी पाहिलंय. यात जनतेचं कसलं नुकसान झालं होतं? कुणावर पदाचा दबाव आला होता? काहीच नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका शिपायाला पुन्हा सेवेत घ्यायला सांगितलं. एका विधवेशी संबंध ठेवल्यावरून त्याला बडतर्फ केलं होतं. समाजाला ते अनैतिक वाटेल, पण ती त्याची खासगी बाब आहे, तिच्यात जबरदस्ती किंवा शोषण नाही, म्हणून ते सेवेतलं गैरवर्तन ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. जबरदस्ती आणि शोषण हे शब्द लक्षात ठेव. तोच शिपाई एखाद्या फिर्यादी बाईला तपासाची भीती घालून जवळ आणत असता, तर मी त्याच्या बडतर्फीच्या बाजूने उभी राहिले असते. तू कुणावर प्रेम करतोस, काय खातोस, कुठल्या देवाला जातोस किंवा जात नाहीस, हे तुझं आहे आणि ते तू निर्धास्तपणे तुझंच ठेव.

आणखी एक. ज्या खात्याला ड्यूटीबाहेरचा चांगला माणूस हवा, त्याने ड्यूटीबाहेरचा वेळही द्यायला हवा. गणपतीचा बंदोबस्त, निवडणूक, वारी, वरून साप्ताहिक सुट्टी रद्द. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तोही एका अंमलदाराने मांडलेल्या आराखड्यावरून, आणि दत्ता पडसलगीकरांनी आयुक्त म्हणून तो उचलून धरला. असं बरंच व्हायचं बाकी आहे. तू अधिकारी होतोयस, तुझ्या हाताखालच्या माणसाची सुट्टी वाचवणं काही प्रमाणात तुझ्या हातात असेल. चोवीस तास उभा असलेला माणूस घरी जाऊन पोरावर खेकसतो, बाटली जवळ करतो. मी त्याला माफ करत नाही, पण त्याला तिथवर नेणाऱ्या ड्यूटी तक्त्यालाही माफ करत नाही. तुला थकवा आला, झोप उडाली, तर वेळेवर डॉक्टरकडे जा. त्यात कमीपणा नाही.

मोबाइलवर रील टाकायची हौस असेल तर ती वर्दीत, सरकारी गाडीवर, ठाण्याच्या आवारात नको. राज्य शासनाने २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढलेत, ते वाचून घे.

मी स्वतः पाळलेली एक रीत सांगते. ड्यूटीबाहेर कधी अधिकार वापरायची वेळ आलीच, कुणाला धरलं, अडवलं, कुणाच्या भांडणात पोलीस म्हणून पडावं लागलं, तर तासाभरात जवळच्या ठाण्यात जायचं आणि स्टेशन डायरीत नोंद करून घ्यायची. मी कोण, कुठे होते, काय केलं, का केलं. ही नोंद तुझं संरक्षणही करते. आणि जी गोष्ट डायरीत लिहून घ्यायला मन कचरेल, ती करायच्या आधीच थांबता येतं. उलट तू स्वतः फिर्यादी किंवा आरोपी असशील, तर साध्या माणसासारखा बाकावर बस, खुर्चीत नको.

शेवटची गोष्ट अवघड आहे. नाशिकला ज्यांच्याबरोबर तू पहाटेची पीटी केलीस, एकाच ताटात जेवलास, त्यातल्या एखाद्याच्या बायकोचा फोन पाच-सात वर्षांनी तुला येईल. 'भावजी, यांनी हात उचलला, मी कुठे जाऊ?' त्या क्षणी तुला मित्राची नोकरी दिसेल, त्याची पोरं दिसतील. तू तिला समजावून परत पाठवू नकोस. तिला ठाण्यात घेऊन जा, महिला अधिकाऱ्यासमोर बसव, फिर्याद लिहून होईपर्यंत बाहेर थांब आणि तिच्या हातात एफआयआरची प्रत पडल्याशिवाय हलू नकोस. फिर्याद घेतलीच नाही, तर अधीक्षकांकडे लेखी पाठवायला तिला मदत कर. मित्र तुझ्याशी बोलणार नाही. बॅचच्या ग्रुपवर तुझ्याविरुद्ध लिहिलं जाईल. असे फोन मलाही आले आहेत आणि त्यानंतरचा अबोला मी वर्षानुवर्षं सोसलाय, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

दीक्षांत संचलनाची तारीख ठरली की कळव. तुझ्या आईला घेऊन मी येते. आणि पहिली नेमणूक कुठे मिळाली तेही लिही. त्या ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्यांत कुणी माझ्या ओळखीची असेल तर मी तुला मुद्दाम सांगणार नाही.

तुझी,
मावशी